चार मिनिटं वीस सेकंदांनी थांबणारी स्क्रीन: मल्टिकास्टची सेटिंग शिका, हातातलं काम पक्कं करा



मागच्या आठवड्यात वढू बुद्रुकच्या एका तरुणाने मला एक प्रश्न विचारला. तो सीसीटीव्ही आणि वाय-फाय बसवायची कामं करतो. म्हणाला, "सर, कॅमेरा लावणारे गावात आता पाच-सहा जण झालेत. भाव पाडून पाडून काम घ्यावं लागतं. मार्जिन राहतच नाही. वेगळं काय करू?"

मी त्याला उलट विचारलं, "एकच लाईव्ह चित्र एका वेळी वीस स्क्रीनवर न अडकता दाखवता येतं का तुला?"

तो म्हणाला, "स्प्लिटर लावून चार-पाच टीव्ही केलेत. वीस नाही केले."

आजचा लेख त्या वीस स्क्रीनबद्दल आहे. व्हिडिओमध्ये मी राउटरचा स्क्रीन दाखवला आहेच, पण आकडे आणि क्रम लिहून ठेवलेला बरा, म्हणजे कामावर असताना मोबाईलवर उघडून बघता येईल.

हे काम कुठे आहे?

वढू बुद्रुक म्हणजे छत्रपती संभाजी महाराजांचं समाधिस्थळ. १६८९ साली महाराजांचं बलिदान झालं आणि दरवर्षी फाल्गुन अमावास्येला, बलिदान दिनी, इथे मोठी गर्दी होते. अशा दिवशी स्टेजसमोर बसलेल्यांना कार्यक्रम दिसतो, पण मागच्या मांडवात, पार्किंगला, भोजनाच्या जागी जे असतात त्यांना स्क्रीन लागते. हे झालं वर्षातून एकदा. पण पुणे-अहिल्यानगर रस्त्याला लागलात की कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर, पुढे रांजणगावपर्यंत कारखाने, शाळा, लॉज, मंगल कार्यालयं आहेत. मंगल कार्यालयात लग्न हॉलमध्ये लागतं आणि निम्मे पाहुणे जेवणाच्या हॉलमध्ये असतात. कारखान्यात गेटवरच्या कॅमेऱ्याचं चित्र तीन ठिकाणी हवं असतं. शाळेत मुख्याध्यापकांची सूचना सगळ्या वर्गांतल्या स्पीकरवर एकदम जायला हवी असते.

या सगळ्या कामांमागे तंत्र एकच आहे, मल्टिकास्ट. आणि त्यात नव्वद टक्के नाही, पण बराचसा घोळ एकाच जागी होतो: ग्रुपच्या सदस्यत्वाची सेटिंग.

माझ्या डोळ्यांसमोर झालेली फजिती

शिरूर तालुक्यातल्या एका मंगल कार्यालयात मी पाहुणा म्हणून गेलो होतो. जेवणाच्या हॉलमध्ये आठ टीव्ही लावले होते. मुलगा हुशार होता, सकाळी त्याने मालकाला सगळं चालवून दाखवलं. दोन मिनिटं चित्र बघितलं, मालक "मस्त!" म्हणाले आणि निघून गेले.

मंगलाष्टकं सुरू झाली आणि एकेक टीव्ही थांबायला लागला. मुलगा पळत जाऊन टीव्ही बंद-चालू करायचा. चित्र यायचं. चार मिनिटं नीट चालायचं की परत गोठायचं. आठ टीव्ही आणि एक माणूस! इकडचा चालू केला की तिकडचा बंद. मालक सगळ्यांसमोर ओरडले, "अरे दादा, लग्न संपल्यावर दाखवतो का?" शेवटी त्याचे अर्धे पैसे कापले गेले. पुढच्या लग्नांचं कामही गेलं.

त्या मुलाला वाटलं टीव्ही खराब आहेत. मग वाटलं केबल खराब आहे. खरं तर सगळं सामान चांगलं होतं. राउटरमध्ये एक टिक करायची राहिली होती. एका टिकमुळे कायमचं गिऱ्हाईक गेलं. म्हणून आज हे नीट समजून घ्या.

दवंडी, वेगळं ताट आणि पंगत

नेटवर्कमध्ये माहिती तीन प्रकारे जाते.

पहिला प्रकार दवंडीचा. कोणाला हवं असो वा नसो, सगळ्यांच्या कानावर घालायचं. याला ब्रॉडकास्ट म्हणतात.

दुसरा प्रकार वेगळ्या ताटाचा. प्रत्येकाला स्वतंत्र ताट वाढून त्याच्या घरी पोचवायचं. याला युनिकास्ट म्हणतात. मोबाईलवर तुम्ही माझा व्हिडिओ बघता तेव्हा हेच होतं. तुमच्यासाठी वेगळा प्रवाह येतो, शेजाऱ्यासाठी वेगळा.

तिसरा प्रकार पंगतीचा. वाढपी श्रीखंडाचं भांडं घेऊन येतो आणि ज्याला हवं त्यालाच वाढतो. भांडं एकच. हा मल्टिकास्ट.

आता हिशोब बघा. समजा तुमच्या एन्कोडरमधून (कॅमेऱ्याचं चित्र नेटवर्कवर पाठवणारा डबा) ८ एमबीपीएसचा एचडी प्रवाह निघतो आणि स्क्रीन २० आहेत. युनिकास्ट केलंत तर २० गुणिले ८, म्हणजे १६० एमबीपीएस एकट्या एन्कोडरला बाहेर टाकावे लागतील. स्वस्त एन्कोडरचा पोर्टच १०० एमबीपीएसचा असतो. म्हणजे बाराव्या-तेराव्या स्क्रीनला गाडी थांबली. मल्टिकास्टमध्ये एन्कोडर फक्त ८ एमबीपीएस टाकतो. स्क्रीन २० असोत वा २००, एन्कोडरवर भार तेवढाच. जिथे फाटे फुटतात तिथे स्विच त्याच्या प्रती काढतो.

हे डोकं स्टीव्ह डीअरिंग या शास्त्रज्ञाचं. त्यांनी १९८९ साली याचा नियम लिहिला. त्यातली सदस्यत्वाची बोली म्हणजे आयजीएमपी, अर्थात इंटरनेट ग्रुप मॅनेजमेंट प्रोटोकॉल. त्याची दुसरी आवृत्ती १९९७ साली आली, तिसरी २००२ साली. आजही बाजारातल्या बहुतेक स्विचमध्ये आणि टीव्हीच्या सेट टॉप बॉक्समध्ये तुम्हाला दुसरी किंवा तिसरी आवृत्ती सापडेल.

वाढप्याने फेरी मारलीच नाही तर?

आता पंगतीचं उदाहरण थोडं पुढे नेऊ.

टीव्ही चालू झाला की तो एकदा सांगतो, "मला अमुक ग्रुप पाहिजे." हा झाला रिपोर्ट, किंवा जॉइन. स्विच ते ऐकतो आणि वहीत लिहितो: सात नंबरच्या पोर्टवर हा ग्रुप हवा आहे. स्विचने असं कान देऊन ऐकण्याला आयजीएमपी स्नूपिंग म्हणतात.

पण टीव्ही कधी उठून गेला, लाईट गेली, वायर निघाली, हे स्विचला कसं कळणार? म्हणून वाढपी ठराविक वेळाने फेरी मारतो, "श्रीखंड हवंय का, श्रीखंड?" ज्याला हवं तो हात वर करतो. नेटवर्कमध्ये हा प्रश्न विचारणाऱ्याला क्वेरियर म्हणतात. साधारण दर १२५ सेकंदांनी तो विचारतो, उत्तर द्यायला १० सेकंद देतो. दोन फेऱ्यांत कोणी हात वर केला नाही तर नाव कापायचं. म्हणजे दोन गुणिले १२५, अधिक १०. झाले २६० सेकंद.

२६० सेकंद म्हणजे चार मिनिटं वीस सेकंद.

आलं का लक्षात, त्या मंगल कार्यालयात काय झालं होतं? स्नूपिंग चालू होतं, पण क्वेरियर कोणीच नव्हता! टीव्हीने सुरुवातीला एकदा "हवंय" म्हटलं, स्विचने लिहून घेतलं. मग फेरी मारणाराच नाही. टीव्ही बिचारा कोणी विचारेल म्हणून वाट बघत बसला. २६० सेकंद झाले, स्विचने नाव कापलं, चित्र गोठलं. बंद-चालू केल्यावर टीव्ही परत एकदा "हवंय" म्हणाला, परत चार मिनिटं वीस सेकंद मिळाले. टीव्ही प्रामाणिक, स्विच प्रामाणिक, फक्त विचारणारा नेमला नव्हता.

म्हणून हे मनात कोरून ठेवा: चित्र येतं आणि चार-पाच मिनिटांनी थांबतं, तर सगळ्यात आधी क्वेरियर बघा. टीव्ही आणि केबल नंतर.

आता सेटिंग, एकेक करून

राउटरची कंपनी कोणतीही असो, नावं थोडी इकडे तिकडे होतील, पण गोष्टी याच आहेत. आपल्याकडच्या लहान इंटरनेटवाल्यांकडे मायक्रोटिकचा राउटर खूप दिसतो. त्यात स्नूपिंग आणि क्वेरियर ब्रिजच्या सेटिंगमध्ये मिळतात. इतरांमध्ये मल्टिकास्ट किंवा आयजीएमपी नावाचा मेनू शोधा. खाली आकडे मराठीत लिहिले आहेत, राउटरमध्ये भरताना अर्थातच इंग्रजी आकडे टाका.

१. ग्रुपचा पत्ता. मल्टिकास्टचे पत्ते २२४.०.०.० पासून २३९.२५५.२५५.२५५ पर्यंत असतात. त्यातला २३९ ने सुरू होणारा भाग आपल्यासारख्यांच्या खासगी वापरासाठी राखलेला आहे. तुम्ही २३९.१०.१०.१, मग २३९.१०.१०.२ असे घ्या. एका चित्राला एक पत्ता.

इथे एक खड्डा आहे. २२४.०.०.१ सारखे पत्ते नेटवर्कच्या स्वतःच्या कारभारासाठी आहेत, ते घेऊ नका. आणि २३९.०.०.१ किंवा २३९.१२८.०.१ सुद्धा घेऊ नका. का? स्विच आयपी पत्ता नाही, मॅक पत्ता बघून काम करतो, आणि मल्टिकास्टमध्ये ३२ वेगवेगळे आयपी पत्ते एकाच मॅक पत्त्यावर जाऊन बसतात. हे दोन पत्ते बरोबर २२४.०.०.१ च्याच मॅकवर बसतात. तो कारभाराचा पत्ता असल्याने बरेच स्विच तो सगळ्या पोर्टवर सोडतात. मग स्नूपिंग चालू असूनही दवंडी पिटल्यासारखं होतं आणि कारण सापडता सापडत नाही.

२. स्नूपिंग चालू. स्नूपिंग नसेल तर स्विच मल्टिकास्टला दवंडीच समजतो. चार प्रवाह असतील तर ३२ एमबीपीएस प्रत्येक पोर्टवर आपटतात, मग त्या पोर्टला बिलिंगचा कॉम्प्युटर असो की प्रिंटर. साधे, बिनसेटिंगचे स्वस्त स्विच बहुतेक असंच करतात. म्हणून स्विच घेताना खोक्यावर आयजीएमपी स्नूपिंग लिहिलंय का ते वाचा. दुकानदार "सगळं चालतं साहेब" म्हणेल. चालतंच, प्रश्न कसं चालतं हा आहे.

३. क्वेरियर एक, आणि मध्यभागी. राउटर किंवा मुख्य स्विच, यापैकी एकावर क्वेरियर चालू करा. दोघांवर चालू राहिला तरी आकाश कोसळत नाही, ज्याचा आयपी पत्ता लहान तो जिंकतो आणि दुसरा गप्प बसतो. पण कोण जिंकणार हे तुम्ही ठरवा, नशिबावर सोडू नका. ज्याला क्वेरियर करायचं त्याला त्या व्हीलॅनमध्ये आयपी पत्ता द्यायला विसरू नका. पत्ता नसेल तर काही डबे ०.०.०.० या पत्त्यावरून प्रश्न विचारतात आणि काही उपकरणं असल्या बिनपत्त्याच्या प्रश्नाला दाद देत नाहीत.

मध्यभागी का? कारण बाकीचे स्विच क्वेरियरच्या दिशेला "राउटरची बाजू" समजतात आणि सगळे प्रवाह तिकडे पाठवतात. कोपऱ्यातल्या लहान स्विचला क्वेरियर केलंत तर सगळा भार त्याच्या एका वायरवर येईल.

४. आवृत्ती सगळीकडे सारखी. तुमच्याकडचं सर्वात जुनं उपकरण कोणती आवृत्ती बोलतं ते बघा आणि तीच ठेवा. आपल्या प्रकारच्या कामाला दुसरी आवृत्ती पुरते. तिसऱ्या आवृत्तीत "अमुक ठिकाणाहून आलेलंच हवं" असं स्रोताचं नावही सांगता येतं. पण टीव्ही तिसरीत बोलतोय आणि मधल्या जुन्या स्विचला फक्त दुसरी कळते, असं झालं तर स्विच त्याची मागणी ऐकूनही न ऐकल्यासारखी करतो.

५. वेळेच्या सेटिंगला शक्यतो हात लावू नका. १२५ सेकंद, १० सेकंद, २६० सेकंद हे नियमातलेच आकडे आहेत. काही जण "नेटवर्कवरचा भार कमी होईल" म्हणून प्रश्नाचं अंतर ३०० सेकंद करतात आणि स्विचवर नाव कापायची वेळ मात्र २६० च राहते. काय होईल? २६० ला नाव कापलं, पुढचा प्रश्न ३०० ला. दर पाच मिनिटांनी ४० सेकंद किंवा थोडं जास्तच चित्र गायब. बदलायचंच असेल तर दोन्ही बदला आणि सगळ्या डब्यांवर बदला.

६. फास्ट लीव्ह विचार करून. टीव्हीने चॅनल बदलला की तो जुन्या ग्रुपला "नको" सांगतो. नेहमीच्या पद्धतीत क्वेरियर लगेच तोडत नाही. "अजून कोणाला हवंय का?" असं एकेक सेकंदाने दोनदा विचारतो, मग बंद करतो. फास्ट लीव्ह चालू असेल तर विचारत नाही, लगेच तोडतो. चॅनल पटकन बदलतो म्हणून छान वाटतं. पण त्या पोर्टला पुढे लहान स्विच लावून दोन टीव्ही जोडले असतील तर? एकाने "नको" म्हटलं की दुसऱ्याचंही ताट उचललं जातं! म्हणून एका पोर्टला एकच टीव्ही असेल तिथेच फास्ट लीव्ह ठेवा.

७. टीटीएल आणि राउटरच्या पलीकडे जाणं. सगळे टीव्ही आणि एन्कोडर एकाच व्हीलॅनमध्ये असतील तर हा मुद्दा सोडून द्या. पण चित्र राउटर ओलांडून दुसऱ्या व्हीलॅनमध्ये न्यायचं असेल तर दोन गोष्टी बघा. एक, एन्कोडरमध्ये टीटीएल १ असेल तर चित्र राउटरच्या उंबऱ्यावरच मरतं. तो आकडा वाढवा, १६ पुरेसा आहे. दोन, राउटरला पलीकडच्या मागणीचा निरोप अलीकडे पोचवावा लागतो. लहान कामाला त्यासाठी आयजीएमपी प्रॉक्सी असते. त्यात जिकडून चित्र येतं ती बाजू अपस्ट्रीम आणि जिकडे टीव्ही आहेत ती डाउनस्ट्रीम. या दोन उलट्या लावल्या तर काहीच चालत नाही, आणि नवशिक्यांची हीच चूक नेहमी होते. मोठ्या जाळ्यात, अनेक राउटर असतील तिथे पीआयएम लागतं. ते काम आल्यावर अनुभवी माणूस सोबत घ्या, उगाच धाडस नको.

वाय-फायवर टाकू का सर?

हा प्रश्न हमखास येतो. "वायर ओढायचा खर्च वाचेल ना!"

मित्रांनो, वाय-फायवर मल्टिकास्ट जातो तेव्हा ॲक्सेस पॉइंटला सगळ्यात लांबच्या, सगळ्यात कमजोर मोबाईललाही ऐकू जाईल असं बोलावं लागतं. म्हणून तो सर्वात कमी वेगाने बोलतो. तो वेग १ एमबीपीएस किंवा ६ एमबीपीएस इतका कमी असू शकतो. तुमचा प्रवाह ८ एमबीपीएसचा. मग तो मावणार कसा? चित्र तर फुटतंच, वर सगळ्यांचं वाय-फाय झोपतं. काउंटरवर यूपीआयचा पेमेंटचा साउंड बॉक्स त्याच वाय-फायवर असेल तर मालकाचा गल्लाच थांबला म्हणा.

म्हणून स्क्रीनला वायरच द्या. जिथे वायर शक्यच नाही तिथे ॲक्सेस पॉइंटमध्ये मल्टिकास्टचं युनिकास्ट करण्याची सोय आहे का ते बघा. ती चालू केली की त्या टीव्हीसाठी वेगळं ताट वाढलं जातं आणि वेग मिळतो. पण एक-दोन स्क्रीनपुरतंच हे ठेवा. आणि स्क्रीनचं व्हीलॅन पाहुण्यांच्या वाय-फायपासून कायम वेगळं ठेवा.

दहा मिनिटांचा नियम

त्या मुलाने दोन मिनिटं दाखवलं आणि काम संपलं असं मानलं. तुम्ही असं करू नका. चाचणी कमीत कमी दहा मिनिटं सलग. का दहा? कारण २६० सेकंदांचे दोन फेरे म्हणजे आठ मिनिटं चाळीस सेकंद. दहा मिनिटं सगळ्या स्क्रीन न थांबता चालल्या तर क्वेरियर नीट काम करतोय असं समजायला हरकत नाही.

त्या दहा मिनिटांत हातावर हात ठेवून बसू नका. हे करा:

- स्विचमधला ग्रुपचा तक्ता उघडा. जितके टीव्ही चालू तितके पोर्ट ग्रुपसमोर दिसले पाहिजेत. त्याचा फोटो काढून ठेवा.
- ज्या पोर्टला टीव्ही नाही, उदाहरणार्थ बिलिंगचा कॉम्प्युटर, तिथला ट्रॅफिक बघा. तिथे ८ एमबीपीएस दिसत असतील तर दवंडी चालू आहे, स्नूपिंग तपासा.
- एका टीव्हीची वायर काढून परत लावा. चित्र परत आलं पाहिजे, बाकीचे थांबता कामा नयेत.
- एका पोर्टवर दोन टीव्ही असतील तर एकाचा चॅनल बदला, दुसरा चालू राहतो का बघा.
- आणि सगळ्यात महत्त्वाचं, मेन स्विच पाडून परत चालू करा.

शेवटचं का? कारण आपल्या भागात लाईट कधी जाईल सांगता येत नाही. बऱ्याच स्विचमध्ये तुम्ही केलेली सेटिंग "सेव्ह" हे वेगळं बटण दाबेपर्यंत तात्पुरतीच असते. सकाळी सगळं चाललं, दुपारी लाईट गेली, स्विच परत चालू झाला तो जुन्या सेटिंगवर. क्वेरियर गेला! मग चार मिनिटं वीस सेकंद, आणि तुमचा फोन वाजला. म्हणून सेव्ह करा, मुद्दाम लाईट पाडून बघा, आणि राउटर-स्विचला लहान यूपीएस लावायचा आग्रह धरा.

कायद्याची बाजू, थोडक्यात

कार्यक्रमाचं किंवा स्वतःच्या कॅमेऱ्याचं चित्र त्याच आवारात दाखवणं वेगळं, आणि सॅटेलाइट चॅनल उतरवून घराघरांत वाटणं वेगळं. दुसऱ्या कामाला १९९५ च्या केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स कायद्याखाली नोंदणी लागते आणि चॅनलचे रीतसर हक्क लागतात. इंटरनेट विकायचं तर परवाना लागतो, किंवा परवानाधारकाचा भागीदार व्हावं लागतं. बीएसएनएलने २०२४ साली फायबरवरून टीव्ही दाखवायची सेवा सुरू केली, तशी इतर कंपन्यांचीही फायबर टीव्हीची कामं आता गावोगावी येत आहेत. या कामांत घराच्या राउटरवर मल्टिकास्ट नीट बसवणारी मुलं लागणारच. म्हणजे हे शिकलेलं फक्त लग्नाच्या हंगामापुरतं नाही. पण "जुगाड करून देतो" म्हणून चॅनल वाटायच्या फंदात पडू नका. दोन पैसे जास्त मिळतील आणि धंदा जाईल.

आता पैशाचं बोलू

वढूच्या त्या तरुणाने मला शेवटी विचारलं, "सर, ही तर एक टिक आहे. टिक करायचे पैसे कोण देणार?"

हाच तर गैरसमज आहे! गिऱ्हाईक टिकचे पैसे देत नाही. मंगलाष्टकं चालू असताना स्क्रीन थांबणार नाही, या भरवशाचे पैसे देतं. तुम्ही कोटेशनमध्ये फक्त "स्विच इतके नग, केबल इतके मीटर" लिहिता, म्हणून ते शेजारच्या दुकानाशी भाव लावतं. सामानाचा भाव सगळ्यांना इंटरनेटवर दिसतो. तुमच्या ज्ञानाचा भाव तुम्ही लिहिलाच नाही तर दिसणार कुठून?

म्हणून कोटेशनमध्ये तीन ओळी वेगळ्या लिहा. पहिली, जागेची पाहणी आणि नकाशा. दुसरी, नेटवर्क सेटिंग आणि दहा मिनिटांची लेखी चाचणी. तिसरी, कार्यक्रमाच्या दिवशी हजेरी. प्रत्येकीसमोर तुमचा दर. दर ठरवताना किती तास जाणार, जाण्या-येण्याचं पेट्रोल, सोबतच्या पोराची मजुरी आणि परत यावं लागलं तर त्याचा खर्च, हे सगळं धरा. सामानाचे पैसे आगाऊ घ्या. बाकी रक्कम कधी, हेही लिहा: "चाचणीच्या कागदावर सही झाल्यावर".

हा चाचणीचा कागद म्हणजे तुमची ढाल आहे. एकाच पानाचा करा. त्यावर तारीख, किती स्क्रीन, कोणत्या पोर्टला कोणती स्क्रीन, ग्रुपचे पत्ते, क्वेरियर कोणता डबा, किती मिनिटं चाचणी झाली, लाईट पाडून बघितली का, आणि खाली मालकाची सही. राउटरचा पासवर्ड आणि सेटिंगचा बॅकअप पाकिटात घालून मालकाला द्या. काही जण पासवर्ड स्वतःकडे ठेवतात, म्हणजे गिऱ्हाईक बांधलेलं राहील असं त्यांना वाटतं. तसं गिऱ्हाईक अडकून राहतं, पण दुसऱ्याला तुमचं नाव सुचवत नाही. आपल्या भागात धंदा तोंडी नावावर चालतो.

आणि पुढे कोणी मधे येऊन सेटिंग बदलली, नवीन स्विच घुसवला, तर कागदावर लिहिलेलं असतं की तुम्ही दिलं तेव्हा काय होतं. मग भांडण होत नाही. दुरुस्तीचं वेगळं बिल होतं.

या आठवड्याचा गृहपाठ

घरी किंवा दुकानात एक स्नूपिंगवाला स्विच, एक राउटर आणि दोन लॅपटॉप घ्या. एका लॅपटॉपवर व्हीएलसी प्लेअरमधून एखादा स्वतः शूट केलेला व्हिडिओ २३९.१०.१०.१ या पत्त्यावर सोडा, दुसऱ्यावर बघा. स्नूपिंग चालू ठेवा आणि क्वेरियर मुद्दाम बंद करा. घड्याळ लावून बसा.

चित्र कधी थांबतं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मग क्वेरियर चालू करा आणि परत बघा. काही स्विचमध्ये नाव कापायची वेळ वेगळी ठेवलेली असते, त्यामुळे तुमच्या घड्याळात २६० सेकंदच येतील असं नाही. जो आकडा येईल तो वहीत लिहा, तो तुमच्या सामानाचा आकडा आहे.

घरच्या टेबलावर एकदा हे चित्र थांबलेलं बघितलं असेल, तर भर मांडवात एखाद्याची स्क्रीन थांबल्यावर तुम्ही टीव्ही बंद-चालू करत पळणार नाही. थेट राउटरकडे जाल. मालकही ते बघत असतो.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत शिकत राहा, आणि आपल्या कामाचे पैसे मागायला लाजू नका.